मुंबई–दिल्ली: उड्डाणाचा वेळ आणि तिकिटावरचा वेळ

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. एअरबस ३२० जातीचे विमान उंची गाठल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा भागाकार केला तर दीड तासही लागायला नको. प्रत्यक्षात तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ छापलेला असतो, आणि विमानात बसल्यावर वैमानिक मात्र ‘उड्डाणाचा कालावधी १ तास ४० मिनिटे’ अशी घोषणा करतो. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

वैमानिक सांगतो तो चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ. तिकिटावर असतो तो ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जाऊन थांबेपर्यंतचा सगळा काळ. पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणे), टॅक्सी (विमानाचे जमिनीवरून चालणे), धावपट्टीपाशी रांगेत थांबणे हे सारे त्यात आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी ही रांग चांगलीच लांबते. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत. पण एखादी टर्मिनलपासून इतकी दूर असते की, उतरल्यावरही विमान बराच वेळ जमिनीवरून चालतच राहते.

हवेतला वेळसुद्धा भागाकाराने येतो त्याहून जास्त का, याचे कारण वेगात जितके आहे तितकेच वाटेत आहे. दिल्ली मुंबईच्या उत्तर-ईशान्येला असली, तरी मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उडालेले विमान आधी जुहूवरून समुद्रावर जाते आणि मग वळते. दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, एवढाच ठेवावा लागतो. उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागल्या, तर ती मिनिटे निराळीच.

कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी सैल जागा ठेवतात. तिला फसवणूक म्हणता येणार नाही, पण उशिरा सुटलेले विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याचे कौतुक ऐकताना ती लक्षात ठेवावी. वैमानिकाच्या लॉगबुकात आणि कामाच्या तासांच्या मर्यादेतही हाच लांब वेळ धरला जातो; उलट विमानाच्या देखभालीचा हिशेब हवेतल्या तासांवर चालतो. पुढचे विमान किंवा रेल्वे पकडायची असेल, तर प्रवाशाने अर्थातच तिकिटावरचाच वेळ धरावा आणि त्यात सामान येईपर्यंतची मिनिटे मिळवावीत.

अंतराबाबतही असाच घोळ होतो. नकाशावरचे अंतर दोन बिंदूंमधले असते, तर विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. दिल्ली आणि इस्तंबूल यांच्यातले अंतर तेवढेच होते, पण इंडिगोच्या विमानाला वाटेत दोह्याला उतरून इंधन भरावे लागत होते.