अतिवृष्टीचं अनुदान आमदाराच्या मतदारसंघावर ठरतं का?

'सत्ताधारी आमदार असेल तिथे अनुदान जास्त' हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. यादी मतदारसंघाची नसते, गट नंबरची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या क्रमांकाची असते. पाऊस मोजला जातो महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पडला की अतिवृष्टी. म्हणूनच एका मंडळात पैसे आले आणि शेजारच्या मंडळात नाही, असं होतं.

मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक एकत्र पंचनामा करतात. नुकसान किमान 33 टक्के हवं. राज्य आपत्ती निधीचा 2022 ते 2026 चा दर जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये. मर्यादा 2 हेक्टर. दर किंवा मर्यादा वाढवणं हा राजकीय निर्णय असतो, हे मान्य. 2022 मध्ये सरकारने दोन्ही वाढवले, पण राज्यभरासाठी.

पैसे खरे अडतात ते इथे: ई-पीक पाहणीत (मोबाइल अ‍ॅपवरच्या पीक नोंदणीत) पीक नोंदलेलं नसतं, जमीन सामाईक खात्यात असेल तर इतर खातेदारांची संमती नसते, यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक आल्यावर ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहते, किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. यादीत नावच नसेल तर पंचनाम्याची प्रत मागा आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.