सोलरला जमीन देताय? अर्जाआधी खसरा उघडा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरकडच्या बऱ्याच मराठी घरांची आजोबांच्या वेळची थोडीफार जमीन सांवेर, देपालपूर, महू या बाजूंना असते. आपण शहरात, जमीन बटाईवर (पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली), आणि दरवर्षी गव्हाची पोती घरी येतात. अशा घरांत हल्ली फोन येतो, "सोलरसाठी जमीन भाड्याने देता का?" दलाल एकरी आकडा सांगतो आणि घरात दोन तट पडतात. म्हणून प्रक्रिया नीट लिहून काढतो.

आधी एक गोंधळ. रीवाचा 750 मेगावॅटचा किंवा आगर-शाजापूर-नीमचचा 1500 मेगावॅटचा पार्क, ही वेगळी गोष्ट आहे. तिथली जमीन सरकारी पातळीवर जमवली जाते, तुमच्या-आमच्या अर्जाला तिथे जागा नाही. इंदूर महापालिकेनेही नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी जलूदला 60 मेगावॅटचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. शेतकऱ्याला स्वतः अर्ज करता येतो तो पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेच्या 'घटक अ'मध्ये, म्हणजे शेतजमिनीवरच्या छोट्या सौर प्रकल्पांसाठी. योजना 2019 ची. तिची मुदत अधूनमधून वाढवली जाते, त्यामुळे अर्जाची खिडकी उघडी आहे ना, हे मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगमच्या पोर्टलवर आधी पाहा. दलालाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

पात्रता. एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी आणि पाणी वापर संस्था अर्ज करू शकतात. प्रकल्प 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा. जमीन वीज उपकेंद्रापासून 5 किलोमीटरच्या आत हवी. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. पडीक जमिनीला पहिली पसंती. पिकाऊ जमीनही चालते, पण तिथे पॅनेल उंच खांबांवर बसवायचे, म्हणजे खाली शेती चालू राहते. मेगावॅटमागे 1 लाख रुपये अनामत. वीज खरेदीचा करार 25 वर्षांचा. प्रकल्प क्षमतेच्या किमान 15 टक्के वीज देतो असं धरतात, म्हणजे मेगावॅटला वर्षाकाठी सुमारे 13 लाख युनिट. मंजूर दराने गुणून पाहा, तुमच्या वाट्याला देऊ केलेलं भाडं त्याच्या कितवा हिस्सा आहे ते लगेच कळेल.

स्वतः पैसे घालणं झेपत नसेल, तर डेव्हलपरला जमीन लीजवर देता येते. त्याची नेटवर्थ मेगावॅटमागे किमान 1 कोटी असावी लागते. शेतकऱ्याने स्वतःच प्रकल्प उभारला तर ही अट नाही.

कागद. आधार, पॅन, बँक पासबुक, चालू वर्षाचा खसरा (जमिनीचा उतारा) आणि बी-1 (खात्याचा उतारा), नकाशा, गटाचा अर्ज असेल तर सर्वांची संमती, संस्था असेल तर नोंदणी आणि ठराव. यादी एवढीच. पोर्टलवर हे चढवायला अर्धा तास पुरतो. आम्हाला त्याआधीचे चौदा महिने लागले.

पुण्याच्या नातेवाइकांना सातबारा म्हटलं की कळतं. आपल्याकडे तोच मान खसऱ्याला. आमचा खसरा उघडला तर भूमिस्वामीच्या जागी आजोबा, जे कधीचेच गेलेले. कोणीही नामांतरण केलं नव्हतं, म्हणजे वारसांची नावं चढवली नव्हती. वारस निघाले नऊ. त्यात तीन आत्या, एक ग्वाल्हेरला, एक नागपूरला आणि धाकटी इथेच सुदामा नगरात. "त्यांची लग्नं झाली, त्यांना कशाला विचारायचं?" हे काकांचं वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी बोलेल. मुलींचा हिस्सा लग्नाने संपत नाही. त्यांची नावं चढलीच पाहिजेत, किंवा त्यांनी स्वखुशीने हक्कत्याग नोंदवून द्यायला हवा, आणि तोही रजिस्ट्रीनेच. साध्या कागदावरची सही चालत नाही. धाकट्या आत्याने चहाचा कप बाजूला सरकवून खसऱ्याचा कागद चष्म्याजवळ नेला आणि म्हणाली, "हे खाली 'बंधक' काय लिहिलंय?" कैफियतच्या रकान्यात बँकेचा बोजा होता. कर्ज कधीच फिटलं होतं, नोंद कोणी काढलीच नव्हती. बँकेच्या नादेय (काही देणं बाकी नाही अशा) दाखल्यासाठी तीन महिने खेटे घातले.

म्हणून क्रम असा ठेवा: नामांतरण, लागल्यास बंटवारा (वाटणी), बोजा उतरवणं, सीमांकन (हद्दीची मोजणी), आणि मग अर्ज.

करार. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृत नसेल, तर भांडणाच्या वेळी त्याच्या अटी कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाहीत. नोटरीच्या कागदावर पंचवीस वर्षं देऊ नका. भाडं दरवर्षी किती वाढणार, डायवर्शनचा (जमीन बिगरशेती केल्याचा) वाढीव आकार कोण भरणार, मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण उपटणार, हे लिहून घ्या. भाडं वीज कंपनीकडून थेट तुमच्या खात्यात जमा व्हावं, हा पर्याय योजनेत आहे. डेव्हलपर तो आपणहून सांगणार नाही, तुम्हीच मागा. आणि हे भाडं शेतीचं उत्पन्न नव्हे, त्यावर आयकर लागतो.

गाव. सौर प्रकल्पाला 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, म्हणून त्या कायद्याची जनसुनावणीही होत नाही. तारेचं कुंपण पडतं तेव्हाच गावाला कळतं की गुरांची वाट गेली. ज्यांची जमीन शेजारी आहे किंवा ज्यांची गुरं तिथून जातात, त्यांनी पटवाऱ्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहावं. वाट, नाला, चरनोई (गुरचरण) यांचे रिवाज तिथे नोंदलेले असतात. वहिवाटीची वाट अडवली तर भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 131 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) असते, तिथे पोच घेऊनच निघा. जमीन देणाऱ्याने करारातच वाट सोडून कुंपण घालायची अट टाकली, तर हे खेटे कोणालाच पडत नाहीत. आम्ही बारा फूट सोडायला लावले.

राहिला बटाईदार. त्याचं नाव खसऱ्यात नाही, अर्जात नाही, करारातही नाही. सही दिवाळीच्या सुमारास झाली, तर तोवर त्याची गव्हाची पेरणी सुरू झालेली असते. ताब्याची तारीख काढणीनंतरची, होळीच्या पुढची घ्या, आणि ती त्याला खिशातल्या फोनवर नव्हे, शेताच्या बांधावर जाऊन सांगा.