सबलिमेशनसाठी प्रिंटर घेताना आधी हेड बघा

‘घरात इंकजेट आहेच, त्यात सबलिमेशनची शाई भरली की झालं,’ असा मग आणि टी-शर्ट छापायला निघालेल्या अनेकांचा समज असतो. शाईची बाटली ऑनलाइन सहज मिळते, त्यामुळे तो आणखी पक्का होतो. पण प्रिंटर या कामाला चालेल की नाही, हे कागदावर थेंब टाकणाऱ्या हेडवर ठरतं.

शाळेत कापूर किंवा नवसागर तापवून संप्लवन शिकवतात: स्थायूची थेट वाफ. सबलिमेशन शाईतले डिस्पर्स रंगही हीट प्रेसमध्ये (छापलेला कागद वस्तूवर ठेवून तापवत दाबणाऱ्या यंत्रात) 190 ते 200 अंश सेल्सिअसला वायुरूप होतात. त्याच उष्णतेनं पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळ्या सैल पडतात, रंग त्यांच्यात शिरतो आणि थंड झाल्यावर आतच अडकतो. म्हणून अशा छपाईवर बोट फिरवलं तर थर लागत नाही. मगवरही पॉलिएस्टरसारख्या पॉलिमरचं कोटिंग असावं लागतं.

म्हणजे ही शाई तापायची ती प्रेसमध्ये. प्रिंटरमध्ये तिला उष्णता लागू द्यायची नाही, आणि सगळी निवड इथेच ठरते.

एचपी आणि कॅननचे घरगुती इंकजेट थर्मल पद्धतीचे असतात. त्यांच्या हेडमधला सूक्ष्म हीटर काही मायक्रोसेकंदांसाठी 300 अंशांपर्यंत तापतो, शाईतल्या पाण्याचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. त्या तापमानाला आपले रंग आणि शाईतले इतर घटक हीटरवर करपून बसतात. पुटं चढत गेली की बुडबुडा नीट होत नाही, रेघा तुटतात आणि शेवटी हेड जातं.

एप्सन आणि ब्रदरच्या इंकजेटमध्ये पिझो हेड असतं. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 साली दाखवलं. हेडमध्ये याच्या उलट घडतं: वीज दिली की लेड झिरकोनेट टायटनेटचा पातळ पापुद्रा वाकतो. तो आधी किंचित मागे जातो, तेव्हा नोझलच्या, म्हणजे हेडच्या सूक्ष्म छिद्राच्या, तोंडाशी असलेली शाई आत ओढली जाते. मग पुढे येऊन दाब देतो आणि थेंब सुटतो. विजेच्या स्पंदाचा आकार बदलला की थेंबही लहान-मोठा होतो. एप्सन एल 805 चा सर्वांत लहान थेंब 1.5 पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दीडपट. सेकंदाला हजारो वेळा हे घडतं आणि शाई थंडच राहते. अशी रचना केवळ सुंदर म्हणावी!

लेझर प्रिंटर द्रव शाईवर चालतच नाही. फोटो स्टुडिओतल्या छोट्या ‘डाय-सबलिमेशन’ प्रिंटरमध्ये रंगाची रिबन असते आणि रंग थेट फोटोच्या कागदात उतरतो. मगसाठी तो उपयोगाचा नाही.

आता आकार. 11 औंसाच्या मगला साधारण 20 बाय 9 सेंटिमीटरची पट्टी लागते, ए4 कागदावर अशा तीन बसतात. मोठ्यांच्या टी-शर्टवर छातीभर चित्र हवं असेल, तर ए3 घ्या. नुसता लोगो आणि मजकूर असेल, तर एप्सन एल 130 सारखा चार रंगांचा प्रिंटर पुरतो. चेहऱ्यांचे फोटो असतील, तर फिका निळा आणि फिका मॅजेंटा असलेले एल 805 किंवा एल 1800 सारखे सहा रंगांचे प्रिंटर बघा, कारण चार रंगांत त्वचेच्या छटा दाणेदार दिसतात. कागद मागून घालायची सोय असलेलं मॉडेल निवडा. 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) सबलिमेशन कागद आत वळवावा लागला की कडा दुमडतात.

प्रिंटर नवा, साधी शाई एकदाही न भरलेला घ्या. नळ्यांत उरलेली साधी शाई मिसळली की रंग कित्येक पानं बिघडलेले येतात. शाई बदलल्यावर कंपनीची वॉरंटी सहसा उरत नाही, हे धरूनच हिशेब करा. डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, त्यांचे कण तरंगत असतात. त्यामुळे भरण्याआधी बाटली हलवा आणि आठवड्यातून दोनदा तरी सगळ्या रंगांचं एक पान काढा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नोझल लवकर सुकतात. मात्र ऊठसूट हेड क्लीनिंग करू नका. त्यात वापरलेली शाई वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते आणि तिचा हिशेब ठेवणारा प्रिंटरमधला काउंटर भरला की प्रिंटर थांबतो.

‘कॉटनवरही पक्कं सबलिमेशन’ अशा जाहिरातींना भुलू नका. सुती धाग्यातल्या सेल्युलोजमध्ये हे रंग टिकत नाहीत, धुतल्यावर जातात. कापडावर आधी कोटिंगचा स्प्रे मारला तर रंग त्या स्प्रेच्या थरात बसतो, आणि थर गेला की रंगही गेला. पांढरी सबलिमेशन शाई नसते, म्हणून काळ्या टी-शर्टवर कोणताच प्रिंटर हे काम करणार नाही.

पहिलं पान पाहून घाबरू नका. कागदावर काळा तपकिरी आणि लाल मळकट दिसतो. खरा रंग प्रेसनंतरच खुलतो. तेव्हाही काळा तपकिरीच राहिला, तर प्रेसचं तापमान आणि वेळ तपासा. तेही बरोबर असेल, तर शाईवाल्याकडून त्या शाई-कागदाच्या जोडीचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर उमटण्यासाठीची फाइल, मागून घ्या.