चित्रपटीय माध्यमांतर व काव्यानुवाद : अभ्यासक्षेत्र

साहित्यकृतीवरून चित्रपट होताना तिच्यातले काय टिकते, काय गळते आणि नव्याने काय येते, याचा शोध माध्यमांतर-अभ्यासात घेतला जातो. काव्यानुवाद हा मुळात कवींचा उद्योग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यालाही विद्यापीठीय विषयाचे रूप आले. ही दोन्ही कामे एकाच अध्यापकाच्या नावावर वारंवार आढळतात. याचे एक कारण व्यवस्थेशी निगडित आहे. दोन्ही विषयांना बहुधा इंग्रजी, आधुनिक भाषा किंवा तौलनिक साहित्य याच विभागांनी आसरा दिला. दुसरे कारण सैद्धांतिक आहे. भाषावैज्ञानिक रोमान याकॉबसन यांनी भाषांतराच्या भाषावैज्ञानिक बाजूंवरील १९५९च्या निबंधात कविता व्याख्येनेच अननुवाद्य ठरवली आणि तिचे केवळ सर्जक स्थानांतर शक्य आहे, असे म्हटले. असे स्थानांतर एकाच भाषेत, दोन भाषांत किंवा दोन चिन्हव्यवस्थांमध्ये होते, असे सांगताना शेवटच्या प्रकाराच्या उदाहरणांत त्यांनी संगीत, नृत्य व चित्रकलेबरोबर चित्रपटाचेही नाव घेतले. कवितेचा अनुवाद आणि साहित्यावरचा चित्रपट एका सूत्रात बसवणारे इतके नेमके विधान त्यापूर्वी क्वचितच सापडते.

या अभ्यासाचा आरंभ कधी धरावा, याबाबत मतभेद आहेत. इंग्रजीतील बहुतेक ग्रंथ जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या १९५७च्या पुस्तकापासून सुरुवात करतात. कादंबऱ्यांवर बेतलेल्या सहा चित्रपटांची त्यात तपासणी आहे. शब्द ही कादंबरीची सामग्री आणि दृश्य ही चित्रपटाची, त्यामुळे बदल अटळच असतात, ही त्यांची भूमिका पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. काहीजण लेस्टर ॲशाइम यांच्या शिकागो विद्यापीठातील १९४९च्या प्रबंधाला अग्रमान देतात. त्यात चोवीस चित्रपट मूळ कादंबऱ्यांशी ताडून पाहिले आहेत. तथापि या प्रबंधाचा रोख आशयाच्या मोजदादीवर आहे, कलारूपाच्या मीमांसेवर नाही.

तिसरा पक्ष हा आरंभ सुमारे तीस वर्षे मागे, लेनिनग्राडच्या कला-इतिहास संस्थेतील रूपवादी, म्हणजे आशयापेक्षा कृतीच्या रचनेवर भर देणाऱ्या, अभ्यासकांपर्यंत नेतो. बोरिस आयखेनबाउम यांनी संपादित केलेला चित्रपटाच्या काव्यशास्त्रावरील निबंधसंग्रह १९२७ साली निघाला. प्रेक्षक एकामागून एक येणारी चित्रे मनातल्या अंतर्गत भाषणाने जोडत असतो, ही त्यातली त्यांची कल्पना आजही उद्धृत होते. याच आयखेनबाउम यांनी १९२२ साली रशियन भावकवितेच्या स्वरमेळावर ग्रंथ लिहिला होता. संग्रहातील दुसरे महत्त्वाचे लेखक यूरी तिन्यानोव. काव्यभाषेच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२४चा. जर्मन कवी हाइने यांच्या कवितांचे त्यांनी रशियन अनुवाद केले आणि गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेवरील मूकपटाची (१९२६) पटकथाही लिहिली. कोझिंत्सेव्ह आणि त्राउबेर्ग यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटासाठी त्यांनी मूळ कथेची नक्कल केली नाही. ‘नेव्हस्की प्रॉस्पेक्ट’ ही गोगोलचीच दुसरी कथा तिच्यात गुंफली आणि ‘ओव्हरकोट’चा नायक अकाकी अकाकियेविच याला तारुण्यातला एक पूर्वार्ध दिला. एका कथेवरून चित्रपट करण्याऐवजी लेखकाची शैलीच पडद्यावर आणायची, असा हा प्रयत्न होता. काव्यमीमांसा, काव्यानुवाद, पटकथालेखन आणि चित्रपट-सिद्धांत ही चारही कामे एका माणसाने एका दशकात केली, हे पाहता लेनिनग्राडचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. या संग्रहातील निबंधांची पुस्तकरूप इंग्रजी भाषांतरे १९८० नंतर झाली. आधीच्या इंग्रजी लेखकांच्या मौनाचे बव्हंशी हेच कारण असावे.

पुढचा टप्पा फ्रान्समधला. चित्रपट-समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४८ साली माध्यमांतराचा कैवार घेताना एक भाकीत केले. २०५० सालच्या समीक्षकाला कादंबरी, तिच्यावरून नाटक आणि नाटकावरून चित्रपट अशी उतरंड दिसणार नाही. तीन कलारूपांत प्रतिबिंबित झालेली एकच कृती, तीन बाजूंचा जणू एक पिरॅमिड, त्याच्यासमोर असेल. जानेवारी १९५४ मध्ये फ्राँस्वा त्र्युफो यांनी ‘काये द्यु सिनेमा’ या चित्रपटविषयक नियतकालिकात लिहिलेला लेख मात्र हल्ल्याच्या सुरातला आहे. ओराँश आणि बोस्त ही पटकथाकार जोडी कादंबरीतले प्रसंग चित्रित करण्याजोगे नाहीत असे ठरवून त्यांच्या जागी ‘समतुल्य’ प्रसंग घाली. त्र्युफो यांचा आक्षेप याच समतुल्यतेवर होता. खेड्यातल्या धर्मगुरूच्या दैनंदिनीच्या रूपातील बेर्नानोस यांच्या कादंबरीची ओराँश यांनी केलेली पटकथा खुद्द लेखकाने नाकारली होती आणि त्याच कादंबरीवर रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ साली केलेला चित्रपट मूळ मजकुराला कितीतरी जवळचा होता. दहा वर्षांनी, १९६४ साली, यूजीन नायडा यांनी बायबलच्या भाषांतरांच्या अनुभवातून गतिशील समतुल्यतेचा, म्हणजे शब्दांपेक्षा वाचकावरचा परिणाम मुळासारखा राखण्याचा, सिद्धांत मांडला. त्यावर काव्यानुवादकांनी घेतलेले आक्षेप त्र्युफो यांच्या आक्षेपाशी मिळतेजुळते आहेत. या दोन वादांना एकमेकांची जाण होती असे मात्र दिसत नाही.

१९७० नंतर वर्गीकरणांची लाट आली. जेफ्री वॅग्नर (१९७५) यांनी चित्रपटाचे मुळाशी असलेले नाते स्थानांतर (मूळ कमीत कमी बदलून), भाष्य (मूळ हेतुतः काहीसे बदलून) आणि सादृश्य (मुळापासून बरेच दूर जाऊन) अशा तीन पायऱ्यांत मांडले. डडली अँड्र्यू (१९८४) यांनी उसनवारी, छेद (मुळाचे वेगळेपण न विरघळवता समोर ठेवणे) आणि मूलस्रोताचे रूपांतरण असे भेद केले. ए. के. रामानुजन यांनी रामकथांवरील निबंधात (१९९१) अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स यांच्या चिन्हविचाराच्या आधाराने अनुवादाचे प्रतिमात्मक, निर्देशात्मक आणि प्रतीकात्मक असे तीन प्रकार मानले. पहिल्यात मुळाशी रूपसाम्य असते, दुसऱ्यात कथा स्थानिक मातीत रुजते आणि तिसऱ्यात सांगाडा तोच ठेवून मुळाच्या विरुद्ध बोलले जाते. रामानुजन शिकागो विद्यापीठात अध्यापक होते आणि तमिळ व कन्नड कवितेचे अनुवादक म्हणून जगभर परिचित होते. त्यांचे हे प्रकार चित्रपटासाठी केलेले नसले, तरी वॅग्नर यांच्या पायऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत विरोधालाही अनुवादाचा दर्जा आहे.

ब्रायन मॅकफार्लेन (१९९६) यांनी रोलाँ बार्त यांच्या कथनमीमांसेतून, पडद्यावर थेट काय जाते आणि काय जात नाही हे वेगळे करणारी, एक चाळणी तयार केली. कथेतील मुख्य घटना पडद्यावर थेट नेता येतात. निवेदनाचा सूर आणि वातावरण यांना मात्र नवे पर्याय शोधावे लागतात. ‘पथेर पांचाली’त ही चाळणी अपुरी पडते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीत दुर्गाला आगगाडी कधीच दिसत नाही आणि आजारपणात ती अपूला, बरी झाल्यावर गाडी दाखवशील का, असे विचारते. सत्यजित राय यांच्या चित्रपटात (१९५५) काशफुलांच्या रानात दोघांसमोरून गाडी जाते. कादंबरीत फार आधी वारलेल्या इंदिर ठाकरूणला चित्रपट पुढपर्यंत जगवतो आणि गाडी पाहून परतणाऱ्या मुलांनाच तिच्या मृत्यूला सामोरे नेतो. इथे मुख्य घटनाच बदलल्या आहेत, तरी बालपणाच्या उत्सुकतेशेजारी मृत्यू उभा असल्याची कादंबरीतली जाणीव शाबूत आहे. कादंबरीच्या संक्षिप्त बालआवृत्तीसाठी राय यांनी आधी चित्रे काढली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

रॉबर्ट स्टॅम (२०००), टॉमस लीच (२००३) आणि लिंडा हचन (२००६) यांनी मूलनिष्ठेचा, म्हणजे चित्रपट मूळ कृतीशी किती प्रामाणिक आहे हा, निकष जवळजवळ निकालात काढला. पॅट्रिक कॅट्रिस यांनी १९९२ सालीच माध्यमांतराकडे अनुवाद-अभ्यासाच्या पद्धतीने पाहावे असे सुचवले होते, पण त्या दिशेने काम तुलनेने कमी झाले. ‘लिटरेचर/फिल्म क्वार्टर्ली’ (१९७३) आणि ‘अडॅप्टेशन’ (२००८) ही या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिके होत.

काव्यानुवादाच्या बाजूला जेम्स होम्स यांचे नाव अग्रगण्य आहे. अमेरिकेत जन्मलेले हे कवी ॲम्स्टरडॅममध्ये स्थायिक झाले आणि डच कवितेच्या अनुवादांसाठी त्यांना १९५६ साली नायहॉफ पारितोषिक मिळाले. अनुवाद-अभ्यासाचा आराखडा त्यांनी १९७२ साली मांडला. अनुवादित कवितेच्या रूपाचे त्यांनी चार प्रकार केले. मोठ्या अभंगाला ते असे लागू होतील : सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे राखले तर रूप अनुकारी. त्या भाषेतला तोलामोलाचा लोकछंद घेतला तर सदृश. आशयातूनच रचना उगवू दिली तर सेंद्रिय. दोहोंशी संबंध नसलेला साचा घातला तर बाह्य. दिलीप चित्रे यांचे तुकारामांचे इंग्रजी अनुवाद (१९९१) प्रायः तिसऱ्या प्रकारात मोडतात. चित्रे यांनी ‘गोदाम’ (१९८३) हा चित्रपटही दिग्दर्शित केला, पण ते अध्यापकीय परंपरेतले नव्हेत.

अध्यापकांच्या पदोन्नतीच्या हिशेबात या दोन कामांचे वजन सारखे नाही. माध्यमांतरावरील ग्रंथ संशोधन म्हणून सरळ मोजला जातो, तर काव्यानुवाद मूळ संशोधन आहे की नाही, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २०११ साली अनुवादाचे विद्वत्कार्य म्हणून मूल्यमापन करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या स्वतंत्र पुस्तकाला १० गुण आहेत, अनुवादित पुस्तकाला ८, तर अनुवादित प्रकरणाला वा शोधनिबंधाला ३. नियतकालिकांत छापून आलेल्या सुट्या कवितांच्या अनुवादांसाठी त्या तक्त्यात वेगळा रकाना नाही.