आंतरकर्णाचे संगणकीय प्रतिमान

शरीराचा तोल सांभाळणाऱ्या आंतरकर्णातील अवयवांचे, समीकरणांच्या आधारे संगणकात उभे केलेले रूप. प्रत्येक कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर युट्रिकल व सॅक्युल या पिशव्या गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतला वेगबदल. नलिकेच्या वळणाची त्रिज्या जेमतेम ३ मिमी., आतली पोकळी साधारण ०.३ मिमी. जिवंत माणसाच्या कानात तिथवर उपकरण नेता येत नाही, म्हणूनच प्रतिमानाचे मोल मोठे.

पाया घातला विल्हेल्म स्टाइनहाउझेन यांनी, १९३३च्या सुमारास, पाइक माशाचा कान तपासून. डोके वळले की नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि कुप्युला हा जेलीसारखा पडदा वाकवतो. वेग स्थिर झाला की पडदा लवचीकपणामुळे जागेवर येऊ लागतो. माणसात याचा कालांक, म्हणजे पडद्याचे वाकणे साधारण एक-तृतीयांशावर यायला लागणारा वेळ, सुमारे ४ ते ६ सेकंद. मेंदू पडद्याकडून येणारा संदेश थोडा लांबवतो, तरी अखेर तो विरतोच. नाशिकला नवरात्रात कालिकादेवीच्या यात्रेत चक्रीवर डोळे मिटून बसावे: काही वेळाने फिरणे जाणवेनासे होते, आणि चक्री थांबताच आपण उलटे फिरतोय असे वाटते. दोन्ही गोष्टी पडद्याच्या या हालचालीच्या एकाच समीकरणातून निघतात.

पुढची प्रतिमाने मेंदूचा अंदाजही हिशेबात धरतात. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संदेशातली तफावत साचली की मळमळते. कसारा घाटात मोबाइलवर मान घालून बसलेल्याला उलटी होते, चालकाला सहसा होत नाही. पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

सर्वांत उपयोगाचे काम मात्र ‘कूस बदलली की घर फिरतं’ या तक्रारीवर झाले आहे. युट्रिकलमधले कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सुटून नलिकेत शिरतात. त्यांची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, त्यामुळे ते द्रवातून खाली बसू लागतात. आडवे झाल्यावर गरगर काही सेकंद उशिरा का सुरू होते, याचे उत्तर प्रतिमानाने दिले: नलिकेच्या रुंद तोंडाशी असताना कणांचा दाब नगण्य असतो, अरुंद भागात शिरल्यावरच तो पडदा वाकवण्याइतका वाढतो. जॉन एपली यांनी १९९२मध्ये मांडलेल्या उपचारात कण युट्रिकलमध्ये परत जावेत म्हणून डोके टप्प्याटप्प्याने वळवतात आणि प्रत्येक स्थितीत काही वेळ धरून ठेवतात. कण तळाशी पोचायला तेवढा वेळ लागतोच. घाईने मान फिरवली तर ते अर्ध्या वाटेवरून परततात.