दृश्य अनभिज्ञता

डोळ्यांसमोरची वस्तू दिसणे आणि ती काय आहे हे कळणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एरवी त्या इतक्या झटपट घडतात की वेगळेपण जाणवत नाही. चित्रात प्राणी आहे की नाही, हा फरक मेंदूच्या विद्युतसंकेतांत सुमारे १५० मिलिसेकंदांत उमटतो, असे सायमन थॉर्प व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. मेंदूला इजा झाल्यावर मात्र नजर शाबूत राहून ओळखण्याची क्षमता तेवढी जाऊ शकते. या विकाराला दृश्य अनभिज्ञता किंवा व्हिज्युअल अ‍ॅग्नोसिया म्हणतात.

दृष्टिपटलावरचे संकेत थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रामार्गे डोक्याच्या मागच्या बाजूच्या पश्चकपाल खंडात पोहोचतात. तेथील अनेक पेशी विशिष्ट दिशेच्या कडांनाच प्रतिसाद देतात. दृष्टिसंस्थेवरील संशोधनासाठी डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. येथून पुढे दोन वाटा फुटतात. खालची कानशिलाकडच्या शंखखंडात जाते आणि वस्तू ओळखते. वरची माथ्याकडच्या भित्तिखंडात जाते आणि हाताला ती वस्तू कशी धरायची ते सांगते. मेल्विन गुडेल व डेव्हिड मिल्नर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या विभागणीला आधार होता तो कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतून वाचलेल्या एका स्त्रीचा. समोरची फट उभी आहे की आडवी, हे तिला सांगता येत नसे. हातातले कार्ड फटीच्या दिशेप्रमाणे नुसते धरून दाखवणेही जमत नसे. पण ‘कार्ड आत टाक’ म्हटले की हात आपोआप वळे आणि कार्ड अचूक आत जाई. दोन वाटांमध्ये देवाणघेवाणही बरीच चालते, त्यामुळे ही विभागणी काटेकोर मानू नये.

हेनरिक लिसाउअर यांनी १८९० मध्ये या विकाराचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात आकारच नीट जुळून येत नाही. रुग्णाला साध्या चित्राची नक्कलही करता येत नाही. दुसऱ्यात नक्कल हुबेहूब उतरते, पण आपण काय काढले हे रुग्णाला कळत नाही. चावी दाखवली तर तो गोंधळतो. हातात दिली किंवा तिची खुळखुळ ऐकू आली की लगेच ओळखतो. त्यामुळे हा स्मृतिभ्रंश नव्हे, आणि केवळ नाव न आठवणेही नव्हे, कारण वस्तू नुसती पाहून तिचा वापरही तो हावभावाने दाखवू शकत नाही. निदानात हे वर्गीकरण आजही उपयोगी पडते. तरी ते वाजवीपेक्षा नीटनेटके आहे: दुसऱ्या प्रकारातले कित्येक रुग्ण एकेक रेघ पाहत, फार सावकाश नक्कल करतात. त्यांचीही आकाराची जाण पूर्णपणे शाबूत नसावी.

काही वेळा नुकसान एकाच प्रकारच्या ओळखीपुरते असते. चेहरे न ओळखण्याच्या विकाराला जोआकिम बोडामर यांनी १९४७ मध्ये प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिले. असा माणूस घरच्यांनाही आवाज ऐकल्यावर ओळखतो. हा विकार जन्मजातही असू शकतो. याउलट, वस्तू ओळखता येत नाहीत पण चेहरे बिनचूक ओळखतो, अशा रुग्णाचीही नोंद १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा शंखखंडाच्या तळाचा भाग दाखवून दिला. तो फक्त चेहऱ्यांसाठी आहे की सरावाने बारकावे टिपण्यासाठी, हा वाद मिटलेला नाही. शुद्ध वाचनलोपात रुग्ण लिहू शकतो, पण स्वतःचेच अक्षर त्याला वाचता येत नाही.

पक्षाघात, डोक्याला मार, ऑक्सिजनचा अभाव आणि हर्पिस विषाणूमुळे होणारा मेंदूदाह ही प्रमुख कारणे. मेंदूचा मागचा भाग हळूहळू झिजतो तेव्हा निदान बरेचदा लांबते. तक्रार दिसण्याची असल्याने रुग्ण आधी नेत्रतज्ज्ञाकडे जातो आणि चष्म्याचे नंबर बदलत राहतात. गेलेली ओळख परत आणणारे औषध नाही. उपचारांचा भर स्पर्श, आवाज, रंग आणि वस्तूंच्या ठरलेल्या जागा यांचा आधार घ्यायला शिकवण्यावर असतो.