डिस्ट्रिक्ट मिडवाइफ (ईस्ट एंड, लंडन)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत पूर्व लंडनच्या गोदी कामगारांच्या वस्त्यांत घरोघर जाऊन बाळंतपणे करणारी, नोंदणीकृत आणि पगारी सुईण. पॉप्लर, स्टेपनी, लाइमहाउस, बेथनल ग्रीन हे तिचे भाग.

‘सुईण’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा. मराठीत सुईण म्हटले की बघूनबघून शिकलेली, गावातली जाणती बाई डोळ्यांपुढे येते. ईस्ट एंडमध्येही तशी बाई होतीच. शेजारपाजारची बाळंतपणे ती करी आणि कुणी गेले तर प्रेताला आंघोळ घालायलाही तिलाच बोलावणे येई. १९०२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सुइणींची नोंदणी सुरू झाली. १९३६ च्या कायद्याने पगारी सुइणी पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि या शेजारणीचे दिवस भरले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) सुरू झाली, तेव्हापासून बाळंतिणीला सुइणीचे पैसे द्यावे लागेनासे झाले. लंडनमध्ये ही व्यवस्था लंडन काउंटी कौन्सिलकडे होती. पॉप्लरमध्ये सेंट जॉन द डिव्हाइन या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) जोगिणींच्या संघाच्या परिचारिकाही हेच काम करीत.

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन बॉम्बहल्ल्यांचा मारा गोद्यांवर आणि त्यांच्या आसपासच्या वस्त्यांवर झाला. युद्ध संपले तरी घरांची टंचाई सरली नाही. एकाच घरात दोन-तीन कुटुंबे, पाण्याला सामाईक नळ, संडास परसात. १९५१ मध्ये पॉप्लरमधली नवी लॅन्सबरी वसाहत ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय प्रदर्शनात नमुना म्हणून दाखवली गेली, पण बहुतेक कुटुंबे जुन्याच खोल्यांत राहिली. म्हणून सुइणीचे काम कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. ती घर बघून येई : पलंग कुठे आहे, पाणी कुठे तापवायचे, मोठी मुले त्या दिवशी कुणाकडे जातील. गॅसचा मीटर नाणे टाकल्यावरच चाले, त्यामुळे सुटी नाणी हाताशी असणे हाही तयारीचाच भाग. गादीवर जाड तपकिरी कागद आणि जुनी वर्तमानपत्रे पसरत. वार बहुधा घरच्याच शेकोटीत जाळली जाई.

१९३८ पासून प्रशिक्षणाचे दोन भाग होते. दुसऱ्यात शिकाऊ सुइणीला प्रत्यक्ष वस्तीत बाळंतपणे करावी लागत. फिरणे बहुतेक सायकलवर. पोटातल्या बाळाचे ठोके पिनार्डच्या नळीला कान लावून ऐकायचे. वेदना कमी करण्यासाठी लिव्हरपूलच्या डॉ. रॉबर्ट मिनिट यांनी १९३३ मध्ये बनवलेले नायट्रस ऑक्साइड व हवा देणारे यंत्र होते. १९३६ पासून सुइणींना ते वापरता येऊ लागले, पण सायकलवरून ते नेणे म्हणजे एक शिक्षाच. १९५० पासून पेथिडीनची सुईही त्यांना स्वतःच्या अधिकारात देता येऊ लागली. बाळंतपण अडले तर डॉक्टरला बोलावणे बंधनकारक होते. रक्तस्राव थांबेना झाला, तर रुग्णालयाचे ‘फ्लाइंग स्क्वॉड’ रक्ताच्या बाटल्या घेऊन थेट घरी येई.

१९३० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड-वेल्समध्ये १ लाख बाळंतपणांमागे सुमारे ४०० माता दगावत. १९५० मध्ये हा आकडा शंभराच्याही खाली आला. याचे सगळे श्रेय सुइणीला देणे भाबडेपणाचे होईल. बाळंतज्वरावर सल्फा औषधे आणि पेनिसिलिन, रक्तस्रावावर अर्गोमेट्रिन, वेळेवर रक्त, आणि युद्धकाळात गरोदर बाईला हिरव्या शिधापुस्तकावर मिळालेले जास्तीचे दूध या सगळ्यांचा त्यात वाटा होता. मात्र धोका वेळीच ओळखून मदत बोलावणारी व्यक्ती बहुधा तीच असे.

तिची खरी डोकेदुखी पहिलटकरीण नव्हती. पाच-सहा मुलांच्या आईला रक्तस्रावाचा धोका अधिक, म्हणून तिने रुग्णालयात जावे असा सल्ला दिला जाई. पण घरातली मुले आणि गोदीत रोजंदारीवर जाणाऱ्या नवऱ्याचे जेवण सोडून नेमकी तीच बाई जायला तयार नसे. लहानपणी मुडदूस झाल्याने कटीर (ओटीपोटाच्या हाडांचे कडे) अरुंद राहिलेल्या काही बायाही या पिढीत होत्या. गर्भनिरोधाची गोळी १९६१ मध्ये आली, तोवर अशा घरांत सुइणीची वर्षा-दीड वर्षाने फेरी ठरलेलीच.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस देशातली साधारण एक तृतीयांश बाळंतपणे घरी होत. १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या क्रॅनब्रुक समितीने ७० टक्के बाळंतपणांसाठी रुग्णालयात खाटा असाव्यात असे सुचवले, आणि १९७० मध्ये पील समितीने सर्वांसाठीच. घरची प्रसूती पूर्वी कधी नव्हती इतकी सुरक्षित झाली, नेमकी तेव्हाच ती मागे पडली, हे थोडे चमत्कारिकच. गोद्याही १९६७ पासून एकेक करून बंद पडत गेल्या आणि कामगार कुटुंबे पांगली.

बाळंतपणानंतर दोन आठवडे सुईण घरी येई. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या मानाने हे काही फार नाही. नाळ, ताप, अंगावरचे दूध हे सगळे ती त्या फेऱ्यांत पाही. प्रसूती रुग्णालयात गेली तरी ही फेरी चालू राहिली, आणि ब्रिटनमध्ये बाळ घरी आल्यावर मिडवाइफ आजही दार वाजवते.